युनुसची स्तुती

कैरोत त्या काळी एक गंमत सांगत. पुस्तक छापून आलं की लेखकानं आधी शुब्राला जावं, आणि छाती मजबूत असेल तरच तिथून रोडा बेटावर. शुब्राला शफीक सिमआन राहत. ते पुस्तक हातात घेतल्या घेतल्या त्याच्या प्रेमात पडत. रोडा बेटावर युनुस तम्मावी राहत. ते पुस्तक वाचत.

दोन्ही घरी ज्याला कॉफी मिळे असा शहरात एकच माणूस होता, रागिब हिफनावी. एका साप्ताहिकाचं साहित्याचं पान तो बघत असे. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात शफीक यांचा लेख ऐसपैस पसरलेला असायचा आणि खाली कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या चौकटीत, युनुस यांचा ‘एक घोट’. लोक ते पान खालून वर वाचत, आणि बऱ्याच जणांचं वाचन खालीच संपे.

युनुस कॉफी बिनसाखरेची पीत, मयताच्या घरी देतात तशी. लिहीतही तसंच. त्यांची एक खोड सगळ्या शहराला पाठ होती. पुस्तक चांगलं असलं तर ते त्यातल्या चुका दाखवत. वाईट असलं तर एका ओळीत निकाल लावत. आणि अगदीच भिकार असलं तर स्तुती करत. ‘एक घोट’मध्ये कुणाची स्तुती आली की त्या लेखकाच्या घरी मित्र सांत्वनाला जात. एका नाटककारानं तर अशा स्तुतीनंतर अलेक्झांड्रियाला बदली मागून घेतली होती.

शफीक यांचं उलट. कॉफीत चार चमचे साखर घालून वर म्हणायचे, “आज जरा कमीच झाली, नाही?” त्यांच्या लेखात दर आठवड्याला एखादा सूर्य उगवे, एखादा झरा फुटे. त्यांनी कुणाला वाईट म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यामुळे त्यांनी चांगलं म्हटल्याचंही हळूहळू कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

या दोघांना तोलावं असं रागिबच्या मनात फार वर्षं होतं. अरबांची ही जुनी चाल आहे. दोन कवी घ्यायचे, ओळीसमोर ओळ ठेवायची, आणि शेवटी कुणाचं पारडं खाली गेलं ते सांगायचं. शेवटचं सांगितलं नाही तर त्याला तोलणं म्हणत नाहीत. रागिब लिहायला बसे. शफीक यांच्याबद्दल लिहू लागला की त्याची वाक्यं लांब लांब होत जात, विशेषणं माजघरात पाहुणे शिरावेत तशी शिरत. युनुस यांच्याबद्दल लिहू लागला की वाक्यं तुटत. ज्या भाषेत सुरुवात केली तिनं निकाल आधीच लावलेला असे. स्वतःची अशी तिसरी भाषा त्याच्याकडे नव्हती, निदान त्याला तसं वाटे. मग तो कागद फाडून टाकी आणि दुसऱ्यांच्या लेखातले स्वल्पविराम नीट करत बसे. साठी उलटली तरी तोलणं झालं नव्हतं.

त्या हिवाळ्यात शफीक आपल्याच घराचा जिना चढताना मध्येच खाली बसले. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप गेली आहे. शस्त्रक्रिया लंडनला करावी लागेल, आणि ती उन्हाळ्याच्या आत.

अशा वेळी कैरोत काय करायचं ते ठरलेलं होतं. लेखक आजारी पडला की त्याचे स्नेही वर्तमानपत्रांत आर्जवं लिहीत: याला सरकारी खर्चानं परदेशी पाठवा, हा गेला तर आपण पोरके होऊ. अशी आर्जवं शफीक यांनी अर्ध्या शहरासाठी लिहिली होती. त्यांतले काही बरे होऊन परतले होते, नव्या कोटात हिंडत होते. आता त्या सगळ्यांनी शफीक यांच्यासाठी लेखण्या उचलल्या. उचलल्या हे खरं, पण लिहिणं ते शफीक यांच्याकडूनच शिकले होते.

ज्या समितीकडे हे काम होतं तिथले फहमी बक्री यांनी रागिबला बोलावून घेतलं. टेबलावर कात्रणांचा ढीग होता.

“या, उस्ताद रागिब, बसा. किती वाळलात! वाचन जरा कमी करा,” बक्री म्हणाले. “हे सगळं मी वाचलं बरं का. शफीक म्हणजे नाईल. शफीक म्हणजे खजुराचं झाड. इथे एकानं तर त्यांना मशिदीचा मनोरा म्हटलंय. अहो, माणूस ख्रिस्ती आहे!”

“लोकांच्या भावना आहेत, बक्री बे.”

“आहेत ना. पण समितीतले मला विचारतात, हा माणूस नेमका कोण? मी काय सांगू, खजुराचं झाड? दुसरीकडून एका नटाचं नाव आलंय. त्याच्याबद्दल कुणी काही विचारत नाही, सगळ्यांनी त्याला पडद्यावर रडताना पाहिलंय. आणि यंदा जागा एकच.”

रागिबनं धीर करून म्हटलं, “तुम्ही तर त्यांना ओळखता. तुमच्या कवितांवर त्यांनी...”

“तेच तर माझं दुःख आहे!” बक्रींनी कपाळावर हात मारला. “‘अरबी कवितेला नवा चंद्र लाभला.’ आठवडाभर मी चंद्रासारखा फिरलो. मग तुमच्या युनुसनं लिहिलं, ‘बक्रींचं हस्ताक्षर चांगलं असावं.’ संपलं. मी नोकरी धरली. आज घर आहे, मुलं शिकली. कुणाच्या शब्दानं? सांगा.” ते पुढे झुकले. आवाज उतरला. “मला शफीक यांना पाठवायचंय. खरंच. माझ्या आईला त्यांचे लेख वाचून दाखवायचो मी. पण मला दाखवायला काहीतरी हवं. युनुसकडून आणा. तो माणूस कुणाच्या बापासाठी खोटं लिहीत नाही हे इथल्या शिपायालाही ठाऊक आहे. त्यानं एकदा म्हणावं, हा मोठा माणूस आहे. माझं काम होईल.”

रागिब तसाच ट्राम पकडून रोडा बेटावर गेला.

युनुस खिडकीशी बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, त्यामुळे समोरची नदी त्यांना फक्त उजेडासारखी दिसे. पावलांवरून त्यांनी ओळखलं.

“काय रे, तोंड उतरलेलं ऐकू येतंय तुझं. कुणी पुस्तक छापलं की काय?”

रागिबनं सगळं सांगितलं. युनुस कॉफीचा पेला बशीत फिरवत राहिले.

“मी खोटं लिहीत नाही, रागिब.”

“खोटं नका लिहू, उस्ताद. खरं लिहा.”

“खरं लिहिलं तर तो लंडनची वाट कशाला बघेल? उद्याच मरेल.”

रागिबला कधीच वेळेवर काही सुचत नसे. युनुस यांना बहुधा वादाची अपेक्षा होती. वाद झाला नाही तसे ते अस्वस्थ झाले.

“मी तम्माहून आलो तेव्हा माझ्याकडे एक गाठोडं होतं आणि त्यात एक लेख,” ते म्हणाले. “शफीकनं छापला. वर लिहिलं, ‘दक्षिणेकडून सूर्य उगवला.’ मला आनंद झाला असेल असं वाटतं ना तुला? मी मागचे अंक काढून बघितले. त्याच महिन्यात त्याच्या लेखांत आणखी दोन सूर्य उगवले होते. एक तर उत्तरेतल्या तांता गावचा. तेव्हापासून मी त्याचा एक शब्द खरा मानला नाही.”

“पण नोकरी...”

“नोकरी मला त्या सूर्यावरच मिळाली. ठाऊक आहे मला. तू मध्ये बोलू नकोस.” मग ते म्हणाले, “लोक हसतील. माझी स्तुती म्हणजे काय असतं ते तू जाणतोस.”

“साधं लिहा. लहान मुलालाही समजेल इतकं साधं.”

“साधं,” युनुस म्हणाले, जणू हा शब्द त्यांना कुणीतरी फुकट देऊ केला होता आणि त्यात काहीतरी खोट असणार होती. मग त्यांनी जाड लेखणी मागितली आणि कागदावर जवळजवळ नाक टेकवून, मोठाल्या अक्षरांत लिहायला घेतलं. दोनदा त्यांनी शब्द खोडला आणि तोच पुन्हा लिहिला. रागिबनं त्यांना खोडताना कधी पाहिलं नव्हतं. लिहून झालं ते असं:

‘शफीक सिमआन यांनी चाळीस वर्षं या शहरात येणाऱ्या प्रत्येकासाठी दार उघडं ठेवलं. मी दारं लावत आलो. माझ्यापर्यंत जे पोचले ते त्यांच्या दारातून आले होते. मीही त्यातूनच आलो. ते आमच्यातले मोठे आहेत. हे मी आधी लिहायला हवं होतं. त्यांना जगू द्या.’

रागिबनं ते दोनदा वाचलं. “उस्ताद,” एवढंच तो म्हणाला.

“पळ. मी विचार बदलायच्या आत पळ.”

रागिबनं आयुष्यात कधी नव्हे ते एक गोष्ट स्वतःच्या मनानं केली. शफीक आजारी पडल्यापासून पानाचा वरचा अर्धा भाग रिकामा पडे, तो इकडचं तिकडचं भरून काढी. या वेळी त्यानं युनुस यांचा मजकूर खालच्या चौकटीत न घालता वर घेतला, शफीक यांच्या जागी. मोठा टाइप वापरला, भोवती पांढरी जागा सोडली. मान राखला जावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

गुरुवारी अंक निघाला. दुपारी तो बाबुल्लूक भागातल्या लेखकांच्या कॉफीघरात गेला. आत शिरायच्या आधीच त्याला हसू ऐकू आलं.

एक जाडा कथाकार खुर्चीवर उभा राहून अंक वाचत होता. “‘प्रत्येकासाठी दार उघडं ठेवलं!’ ऐकलंत का? प्रत्येकासाठी! म्हणजे शेळ्या, मेंढ्या, हा आमचा हसनैन...”

“ए, माझं नाव घेऊ नकोस!” हसनैन नावाचा कवी कोपऱ्यातून ओरडला.

“‘ते आमच्यातले मोठे आहेत.’ अरे देवा! आणि ‘त्यांना जगू द्या’! हे असं लिहायला काळीज दगडाचं लागतं. माणूस मरायला टेकलाय आणि हा म्हणतो, जगू द्या!”

“आणि छापलंय कुठे बघ,” दुसऱ्यानं डोळे पुसत म्हटलं. “शफीकच्याच गादीवर बसून! मधे कब्रस्तानाएवढी मोकळी जागा. रागिब, गाढवा, हे तुझं डोकं? तुझ्यात हे इतकी वर्षं कुठे लपलं होतं?”

सगळे रागिबकडे वळले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात त्याच्या नावानं वाजलेल्या त्या पहिल्याच टाळ्या होत्या.

“ते खरं आहे,” रागिब म्हणाला. “उस्ताद युनुसनी ते मनापासून लिहिलंय.”

कॉफीघर हसण्यानं असं फुटलं की वेटरच्या हातातला ट्रे हलला. “मनापासून! अर्थात मनापासून!” जाडा कथाकार खुर्चीवरून उतरून त्याला मिठी मारत म्हणाला. “चेहरा बघा याचा, एक सुरकुती हलत नाही!”

हे लोक दुष्ट होते असं नाही. यांतल्या निम्म्यांनी शफीक यांच्यासाठी आर्जवं लिहिली होती, उद्याही लिहिली असती. पण युनुसला कसं वाचायचं ते युनुसनंच त्यांना शिकवलं होतं, आणि ते धडा विसरत नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात रागिब युनुसना घेऊन बक्रींकडे गेला. युनुस घराबाहेर पडत नसत. जिन्यावर त्यांनी रागिबचा दंड इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले. बक्री उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली, बिनसाखरेची कॉफी मागवली.

“बक्री,” युनुस बसता बसता म्हणाले, “मी लिहिलं ते खरं आहे. तेच सांगायला आलोय. शफीक मोठा माणूस आहे.”

बक्रींनी ओठ दाबून धरले. मग त्यांना आवरेना. ते टेबलावर वाकले, खांदे हलायला लागले. “माफ करा, उस्ताद... माफ करा... तुम्ही समोर बसूनसुद्धा... तेच तोंड!”

“मी थट्टा करत नाही.”

“नाही, नाही, अर्थात नाही,” बक्री डोळे पुसत म्हणाले.

“कुराणाची शपथ घेतो.”

हे ऐकून बक्रींचं हसू थांबलं. त्यांनी युनुसकडे नीट पाहिलं, मग रागिबकडे. बहुधा त्या क्षणी त्यांना कळलं. रागिबला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं की त्यांना कळलं होतं.

“समजा, मी मानलं,” बक्री हळूच म्हणाले. “मी एकट्यानं मानून काय उपयोग? अंक समितीत फिरला. अध्यक्षांनी तो घरी नेला, बायकोला वाचून दाखवायला. आता मी शफीक यांचं नाव पुढे केलं तर ते म्हणतील, बक्री, तुला विनोदही कळत नाही? युनुसच्या टोमण्यावर सरकारी पैसा खर्च करू? उस्ताद, तुम्ही काही लिहिलं नसतं तर निदान खजुराचं झाड तरी होतं माझ्याकडे.”

“मग आणखी लिहितो. खुलासा लिहितो.”

“देवासाठी नको!” बक्रींनी दोन्ही हात वर केले. “खुलासा तर लोक पाठ करतील.”

युनुस बसून राहिले. कॉफी आली तिला त्यांनी हात लावला नाही. खाली उतरताना ते एवढंच म्हणाले, “नटाचं काय झालं?” रागिब म्हणाला, “नट जातोय.”

शुब्राला जायचं रागिब टाळत होता. शेवटी जावंच लागलं. खमसीन, वाळवंटातला वारा, सुटला होता. वाळूनं आकाश तांबूस झालं होतं, झाडांची पानं मळकी दिसत होती. शफीक यांची बायको, मदाम ओदेत, हिनं दार उघडलं. ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस होते, स्वयंपाकघरातून तेलात परतलेल्या कांद्याचा वास येत होता. खिडक्यांच्या फटींत तिनं ओली फडकी कोंबली होती.

“नकार आला ते त्यांना ठाऊक आहे,” ती दारातच कुजबुजली. “तुम्ही त्याबद्दल बोलू नका. ते तुम्हालाच धीर देत बसतील आणि दमतील.”

शफीक उशांना टेकून बसले होते. ओठ निळसर पडले होते, पण डोळे तेच, कुणीतरी पेढे घेऊन आल्यासारखे.

“हबीबी! ये, ये! ओदेत, याला कॉफी दे, साखर घालून. मला मनाई आहे, निदान वास तरी घेऊ दे.” पांघरुणावर अंक पडला होता. त्यांनी तो उचलला. “वाचलंस ना? अरे, तूच तर छापलंस! काय लिहिलंय, काय लिहिलंय! ‘मी दारं लावत आलो.’ चार शब्दांत स्वतःलाही सोडलं नाही. चाळीस वर्षांत युनुस असा फुलला नव्हता.”

“उस्ताद शफीक,” रागिब म्हणाला. येताना त्यानं शब्द घोकले होते. “ती थट्टा नाही. मी समोर होतो. दोनदा खोडलं त्यांनी. ते खरं आहे.”

शफीक यांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात गार होते.

“किती चांगला आहेस तू,” ते म्हणाले. “किती चांगला! ओदेत, ऐकलंस? सगळ्यांवर लिहिलं मी, आणि या माणसावर एक लेख लिहिला नाही.”

“मी खरंच सांगतोय.”

“हो, हो. मीही माणसांना असंच खरं सांगत आलो, हबीबी. नाटक पडलेलं असायचं, पोरगं आत विंगेत रडत बसलेलं असायचं, आणि मी जाऊन हेच म्हणायचो, मी खरंच सांगतोय.” ते हसले, मग खोकले, खोकला बराच वेळ थांबला नाही. “मला वाईट वाटलेलं नाही रे. त्यानं माझ्यावर इतकं मोठं आजवर लिहिलं नव्हतं. आणि किती सुंदर! याच्यावर कुणीतरी लिहायला हवं. कागद घे.”

“आत्ता?”

“मग केव्हा?”

रागिबनं लिहून घेतलं. शफीक मध्ये मध्ये थांबत, श्वास गोळा करत आणि वाक्य सोडलं होतं तिथूनच पुन्हा उचलत. ओदेत दारात उभी राहून ऐकत होती. लिहून झालं तेव्हा शफीक यांनी डोळे मिटले आणि पुटपुटले, “वरच्या भागात छाप हं. त्याला वाचून दाखव आधी. त्याचे डोळे गेलेत म्हणतात.”

जिन्यापर्यंत ओदेत पोचवायला आली.

“मला खरं सांगा,” ती म्हणाली. “युनुसनी ते मनापासून लिहिलं होतं?”

“हो.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. अशा चेहऱ्याच्या माणसाला खोटं बोलता येत नाही असं कुणालाही वाटलं असतं; पण शफीक यांच्या घरात इतकी वर्षं काढलेल्या बाईला भल्या माणसांच्या खोट्याची पारख होती.

“तुम्हीपण ना,” ती म्हणाली आणि दार हळू लावून घेतलं.

रागिब वाळूतून चालत राहिला. डोळे चुरचुरत होते. पुलावर थांबून त्यानं कागद काढला, वाचला, परत खिशात ठेवला. हे युनुसला वाचून दाखवायचं म्हणजे त्यांना सांगायचं की ज्या एका माणसासाठी लिहिलं त्यालाही पटलं नाही. न दाखवावं, तर मरणाऱ्याचा शब्द मोडतो. काय करावं ते सुचेना. फाडून नदीत टाकावं असंही एकदा मनात आलं, पण दुसऱ्याचा मजकूर फाडायची त्याला सवय नव्हती.

युनुस त्याची वाटच बघत होते. पाऊल दारात पडायच्या आत त्यांनी विचारलं, “वाचलं त्यानं?”

“वाचलं.”

“मग?”

“त्यांनी लिहून दिलंय. तुम्हाला वाचून दाखवायला सांगितलंय.”

युनुस खुर्चीत ताठ झाले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. रागिबनं हे पाहिलं. त्यानं खिडकीकडे पाठ केली, कागद उघडला आणि वाचू लागला.

“‘आज रोडा बेटावरच्या त्या जुन्या खिडकीतून आलेला वारा आमच्या वाळक्या फांद्यांवरून असा काही फिरला आहे की, हे वाचका, क्षणभर पानांना वाटावं आपण पुन्हा हिरवी झालो, आपल्यातही रस आहे, आपल्यालाही उद्या आहे...’”

इथे वाक्य संपत नव्हतं. पुढे लिहिलं होतं, ‘आणि पुढच्याच क्षणी त्यांना कळावं की तो वारा नव्हता, ती कात्री होती, पण काय त्या कात्रीची चमक, आणि कुण्या थोर माळ्याचा तो हात!’ आणि त्यानंतर सबंध पानभर त्या कात्रीचं कौतुक होतं. रागिबची नजर त्या ओळींवर गेली आणि थांबली. मग त्यानं श्वास घेतला आणि कागदावर नसलेलं वाचलं:

“‘मला ते खरं वाटलं.’”

वाळू खिडकीच्या काचेवर बारीक आवाज करत होती.

“थांब,” युनुस म्हणाले. “शेवटचं पुन्हा वाच.”

“‘मला ते खरं वाटलं.’”

“हे शफीकचं नाही.”

रागिबनं कागद खाली केला.

“शफीकनं चार शब्दांत कधी पाणीसुद्धा मागितलं नाही,” युनुस म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी खिडकीकडे, त्या उजेडाकडे तोंड वळवलं. मग बोलले ते वेगळंच. “वाक्य बरं आहे. कुणाचं आहे?”

इतकी वर्षं रागिब ज्याची वाट बघत होता ते स्वतःचं एक वाक्य त्याला सापडलं होतं, आणि ते खोटं होतं.

“बरं,” युनुस म्हणाले. बटणावरचा हात त्यांनी काढून घेतला, मांडीवर ठेवला. “आता तिथे जे लिहिलंय ते वाच.”

“उस्ताद...”

“वाच. त्यानं कष्टानं लिहिलं असेल.”

रागिबनं चष्मा पुसला. कागदाच्या घडीत वाळू साचली होती ती झटकली. मग तो मागे गेला, पानं हिरवी होतात तिथून त्यानं पुन्हा सुरुवात केली. वाक्य फार लांब होतं. तो वाचत राहिला.